दोन उतारांचा जिल्हा

आदिलाबादहून निर्मलकडे मोटारीने गेलेल्या माणसाला वाटेत घाट कुठे लागला असं विचारलं, तर तो महबूब घाटाचं नाव सांगेल. तिथं वळणं आहेत, कठडे आहेत, माकडं आहेत. पण त्याच्या कितीतरी अलीकडे, शहर मागे पडल्यावर रस्ता मुकाट्याने चढायला लागतो आणि ते फक्त सायकलवाल्याला कळतं. वारा नाही, चाकात हवा आहे, चेनला तेल आहे, तरी वेग का पडला म्हणून माणूस आधी स्वतःच्या वयावर संशय घेतो. मागे वळून पाहिलं की उलगडा होतो. आदिलाबाद खाली राहिलेलं असतं.

हा चढ म्हणजे दोन नद्यांमधली वाटणी. उत्तरेकडच्या अंगाचं पाणी सातनाल्यासारख्या ओढ्यांनी पैनगंगेला जातं. दक्षिणेकडे, बोथ-नेरडीगोंड्याच्या बाजूला पडलेला पाऊस कडम नदीत उतरतो. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता कालेश्वरमला गोदावरीत जाते. कडम मात्र पोचेरा आणि कुंताला इथे दोनदा उड्या टाकून आपली आपण गोदावरी गाठते. एकमेकांकडे पाठ करून निघालेलं हे पाणी शेकडो किलोमीटरचा वळसा घेऊन कालेश्वरमला पुन्हा भेटतं. नकाशावर हे मी अनेकदा पाहिलं होतं. पण पायडल मारणं थांबलं आणि तरी सायकल पुढे सरकायला लागली, तेव्हा ते खरं वाटलं.

उतारावरच्या सायकलवाटेसाठीच नावाजलेलं एक खोरं आल्प्समध्ये, इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत आहे. त्याचं नाव वेनोस्ता. आदिजे नदी तिथं रेसिया खिंडीजवळ उगम पावते आणि मेरानो शहरापर्यंत उतरत येते. खिंड १५०४ मीटरवर, मेरानो सव्वातीनशेच्या आसपास. साधारण ऐंशी किलोमीटरमध्ये जवळजवळ बाराशे मीटरचा उतार. या वाटेवरून मीही सायकल चालवली आहे. तिथं खोरं ओळखायला मांड्यांची गरज लागत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर भिंतीसारखे उभे, मधे नदी, नदीकाठी सायकलवाट. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. आजीआजोबा नातवंडांना घेऊन निघालेले, कुणाच्या कपाळावर आठी नाही. आपल्याकडचे लोक तिथून परतले की निसर्गाचं कौतुक करत बसतात. निसर्ग आहेच. पण ती वाट निसर्गाने केलेली नाही.

आज जिथं सफरचंदाच्या बागा आहेत तिथल्या तळाशी एके काळी दलदल होती. नदीला बांध घालून, पाणी काढून देऊन ती जमीन वर आणली, आणि त्याच बांधांवरून आज सायकली जातात. डोंगरउतारांवरून शेतापर्यंत पाणी आणणारे जुने पाट आहेत. त्यांच्या कडेने पायवाट असते, कारण पाटाची राखण करणाऱ्या माणसाला रोज चालत जावं लागे. आपल्याकडे त्याला पाटकरी म्हणतात. पाटकऱ्याची ती पायवाट आता फिरायला येणाऱ्यांची झाली आहे. मेरानो ते मालेस ही साठेक किलोमीटरची रेल्वे १९९० च्या सुमारास बंद पडली होती. प्रांत सरकारने ती ताब्यात घेऊन २००५ मध्ये पुन्हा सुरू केली. तिच्या स्टेशनांवर सायकल भाड्याने मिळते. गाडीने वर जायचं, सायकलने खाली यायचं, खालच्या स्टेशनवर सायकल परत करायची. चढ रेल्वेचा, उतार आपला. या खोऱ्याची सगळी कीर्ती या साध्या वाटणीवर उभी आहे, असं माझं मत आहे.

आदिलाबादला यातलं काय आहे? नदी आहे, रेल्वे आहे, उतार आहे, पाटही आहेत. कीर्ती नाही. काश्मीर ते कन्याकुमारी सायकलवारी करणारे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून पैनगंगेचा पूल ओलांडून या जिल्ह्यात शिरतात. टोलनाका, ढाबा, ट्रकांचे भोंगे एवढं पाहून बहुतेक जण पुढे निघून जातात. त्यांना दोष देत नाही. चार पदरी रस्त्यावर मान वर करून बघायची सोय नसते. जिल्हा सुरू होतो तो महामार्ग सोडल्यावर. जैनद, बेला, तामसी, भीमपूर ही पैनगंगेच्या बाजूची गावं. इथली माती काळी, कापसाची. डिसेंबरात सकाळी थंडी इतकी की तेलंगणाच्या वर्तमानपत्रांत पारा घसरल्याच्या बातमीत पहिलं नाव बहुधा आदिलाबादचंच. पऱ्हाटी फुटलेली, वेचणी चालू, तुरीच्या ओळी मधे मधे पिवळ्या. कापूस वाहून नेणाऱ्या गाड्यांमधून उडालेले पुंजके बाभळीला अडकलेले. जमीन सपाट दिसते, पण नदीकडे जाताना सायकल कमी मागते आणि परत येताना दुप्पट वसूल करते.

जैनदला काळ्या दगडाचं लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे आणि गावात सापडलेला परमार राजा जगद्देवाच्या काळातला शिलालेख प्रसिद्ध आहे. जगद्देव माळव्याच्या उदयादित्याचा मुलगा, भोजाच्या घराण्यातला. माळव्याचा राजपुत्र गोदावरीच्या इतक्या जवळ काय करत होता, हा प्रश्न महामार्गावर पडत नाही. सायकलवर पडतो, कारण तोवर आपण त्याच दिशेचा थोडा भाग स्वतः कापलेला असतो. वेनोस्तातून रोमनांचा रस्ता गेला होता, सम्राट क्लॉडियसच्या काळात पुरा झालेला. आजची सायकलवाट बरीचशी त्याच्याच वाटेने जाते. सैन्यं, व्यापारी आणि सायकलवाले सोपा चढ शोधण्यात सारखेच.

या गावांत थांबलं की बोलणं मराठीत सुरू होतं. दुकानाची पाटी तेलुगू, दुकानदाराचं बोलणं वऱ्हाडीच्या अंगाचं. एका चहाच्या टपरीवर वयस्कर गृहस्थांनी माझी सायकल, तिच्यावरच्या पिशव्या, डोक्यावरचं शिरस्त्राण हे सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "गाडी बिघडली का भाऊ?"

"नाही काका, सायकलनंच फिरतो आहे."

"कायले?"

या प्रश्नाला धड उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आल्प्समध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिथं हौस म्हणून सायकल चालवणं ही गोष्ट सगळ्यांना मान्य आहे. इथे सायकल म्हणजे शाळेत जाणारी पोर, नाहीतर ज्याला मोटारसायकल परवडली नाही असा माणूस. पैसे असून जो सायकलवर बसतो त्याचं काहीतरी बिनसलं असणार. काकांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. जाताना मात्र बजावलं, अंधार पडायच्या आत गाव गाठा. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे आणि तिथले वाघ पैनगंगा ओलांडून तामसी-भीमपूरच्या शिवारात येतात. त्यांना राज्याची हद्द ठाऊक नाही.

माणसांना ती ठाऊक करून द्यावी लागली. १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि किनवट, राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेत ते आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला आले आणि पैनगंगेकाठची ही मराठी बोलणारी गावं तिकडे राहिली. आंध्र प्रदेश झालं, २०१४ मध्ये तेलंगण झालं, २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. टपरीवरची भाषा तीच राहिली. वेनोस्ताचं खोरंही १९१९ च्या तहाने ऑस्ट्रियाकडून इटलीला गेलं. तिथले बहुसंख्य लोक आजही जर्मन बोलतात आणि रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत. मधल्या काळात, मुसोलिनीच्या राजवटीत, जर्मन शाळा बंद केल्या गेल्या होत्या. त्या मानाने आपल्याकडचं दुःख सौम्य. पण मराठी शाळेतला पट घटला की गाव अस्वस्थ होतं, एवढं मी ऐकलं आहे.

वाटणीचा चढ चढून पलीकडे, उटनूरच्या पठाराकडे गेलं की मराठी विरळ होते, गोंडी आणि कोलामी कानावर येतात. इथे सायकलवाल्याचा उरलासुरला अभिमान उतरतो. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मेस्राम कुळातले लोक दर वर्षी पौष अमावास्येपूर्वी गोदावरीचं पाणी आणायला जातात. जन्नारम भागातल्या हस्तिनामडुगूपर्यंत चालत, अनवाणी, आणि कलशात पाणी घेऊन तसंच परत. सांगायची गोष्ट अशी, की ते चढउतार मोजत नाहीत, मुक्काम मोजतात. कुठल्या गावात थांबायचं, कुठल्या झाडाखाली, हे ठरलेलं असतं. आल्प्समधल्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा हा आराखडा जुना आणि पक्का आहे. या पठारावर १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ राहिला. व्हिएन्नात जन्मलेला, म्हणजे आल्प्सच्या देशातलाच. मार्लवाईत राहून त्याने राजगोंडांवर ग्रंथ लिहिला, गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम उभं केलं, आणि गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापवले. त्याची पत्नी बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारली, तिची समाधी मार्लवाईतच आहे. मार्लवाई आता शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात मोडतं.

आल्प्सची नक्कल आदिलाबादला करावी असं मला वाटत नाही. डोंगर आणायचे कुठून? पण जे आहे त्यातलं थोडं वापरता येईल. सातनाला प्रकल्पाचे कालवे आहेत. महाराष्ट्र आणि तेलंगण यांनी २०१६ मध्ये करार करून हाती घेतलेला चनाका-कोराटा बंधारा पैनगंगेवर आहे, आणि त्याचंही पाणी कालव्यांनीच शेतात जायचं आहे. कालवा म्हटला की त्याच्या कडेने देखभालीचा रस्ता आला. त्या रस्त्यावर मुरूम नीट दाबला, दर काही अंतरावर एक नळ ठेवला आणि कडुलिंब लावले, तर त्यावरून आधी शाळेतली पोरं जातील, मग शेतकरी, आणि मग कधीतरी माझ्यासारखे रिकामटेकडे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. रिकामटेकड्यांसाठी आधी बांधलेली वाट दोन पावसाळे टिकत नाही.

रेल्वेचं तेवढं सोपं नाही. आदिलाबादहून मुदखेडकडे आणि पिंपळखुटीकडे लोहमार्ग आहे. पण आपल्या गाड्यांत सायकल न्यायची म्हणजे पार्सलची खिडकी, बांधणी, पावती आणि बरीच विनवणी. एका स्टेशनवर मला बाबूंनी शांतपणे सांगितलं, की मोटारसायकल असती तर काम सोपं होतं. सायकल लोक पाठवत नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. डब्याच्या टोकाला चार सायकली अडकवायला आकडे बसवले तर सगळ्यांत आधी त्या आकड्यांना दुधाच्या कॅन लागतील, आणि त्यालाही माझी हरकत नाही.

तोवर कुणाला जायचंच असेल, तर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत जावं. महामार्ग फक्त ओलांडण्यापुरता वापरावा. जैनद-बेल्याकडून सुरुवात करावी, म्हणजे पाय तापल्यावर चढ येतो. कुंतालाचा धबधबा पंचेचाळीस मीटरचा आहे, पायऱ्या उतरून खाली जाता येतं; पण डोहात उतरू नये, तिथं अनेक जण बुडाले आहेत. केसलापूरच्या वाटेवर कलश घेऊन निघालेली माणसं दिसली तर सायकलवरून उतरावं, ती पुढे जाईपर्यंत थांबावं, आणि फोटो काढण्याआधी विचारावं.