दोन मिलिसेकंद

डेटाबेस हळू झाला की पहिला संशय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर येतो. डिस्कला कुणी फोन करत नाही.

सोलापुरातले टॉवेल-चादरींचे चाळीसेक कारखाने आमच्या सॉफ्टवेअरवर मजुरीचा हिशेब ठेवतात. बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातले. वाटप शनिवारी. एका शुक्रवारी रात्री, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने आमचा डेटा मशीनमधल्या एसएसडीवरून नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवर हलवला. मेलमध्ये लिहिलं होतं की नवं स्टोरेज सेकंदाला ५०० एमबी वाचतं. शनिवारी साडेनऊला एका कारखान्याच्या दिवाणजींचा फोन आला. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

"सर, मजुरीचा रिपोर्ट नुसता फिरायलाय बघा. एकला वाटप आहे."

या रिपोर्टमध्ये आठवड्याची मजुरी असते आणि त्यातून जुनी उचल वजा होते. तो आला नाही तर अण्णा अंदाजाने पैसे देतात, आणि उचलीचा घोळ पुढे महिनाभर कारागीर निस्तरत बसतो. कधी घोळ त्याच्या बाजूने होतो, पण फार क्वचित.

सहा सेकंदांचा रिपोर्ट दोन मिनिटांवर गेला होता. सीपीयू निवांत होता. क्वेरी तीच, इंडेक्स तोच. पोस्टग्रेसमध्ये डिस्क वाचायला किती वेळ गेला हे मोजणारं सेटिंग आहे, ट्रॅक आयओ टायमिंग. ते मुळात बंद असतं. चालू करून एक्सप्लेन घेतलं. दोन मिनिटांतला जवळजवळ सगळा वेळ वाचनातच जात होता.

मी हे कळवल्यावर भाडेवाल्या कंपनीने ग्राफ पाठवला. आम्ही सेकंदाला जेमतेम ४ एमबी वाचत होतो. "तुम्ही तर डिस्क वापरतच नाही आहात," असं सपोर्टवाल्याने लिहिलं. ग्राफ खरा होता, वाचायची पद्धत चुकीची होती. पोस्टग्रेस ८ केबीच्या पानांत वाचतं. उचलीसाठी एकेका कारागिराच्या काही वर्षांच्या नोंदी लागतात आणि त्या टेबलभर विखुरलेल्या. म्हणजे सुमारे ६० हजार पानं, एक हातात आलं की मग दुसरं मागायचं. जुन्या एसएसडीवर एका पानाला ०.१ मिलिसेकंद लागायचा, म्हणून सहा सेकंद. आता प्रत्येक पान नेटवर्कवरून जाऊन-येऊन २ मिलिसेकंदांनी मिळत होतं. ६० हजार गुणिले २ म्हणजे १२० सेकंद. आणि दर २ मिलिसेकंदांना ८ केबी म्हणजेच सेकंदाला ४ एमबी. त्यांचा ग्राफ आणि माझी तक्रार एकच गोष्ट सांगत होते!

अण्णांना हे कसं सांगायचं? जॅकार्ड मदतीला आला. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर उठते. पंच केलेल्या कार्डांची माळ मागावर फिरते. बाण्याच्या प्रत्येक धाग्याला ताण्यातले कोणते धागे उचलायचे हे एकेक कार्ड ठरवतं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराचा हा शोध. भोकांची कार्डं पुढे कॉम्प्युटरमध्ये आली. इंजिनिअरिंगला आम्हाला हे एका ओळीत उरकून दिलं होतं, आणि कॉलेजपासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर माग खडखडत होते.

मी म्हटलं, "अण्णा, माळ क्रमाने फिरली की माग पळतो. पण समजा प्रत्येक कार्ड दुसऱ्या शेडमधून आणायचंय, आणि माणूस एकावेळी एकच आणतोय."

"मग माळच इकडं आणा की," अण्णा म्हणाले.

तेच केलं. पोस्टग्रेसमध्ये प्रीवॉर्म नावाचं एक्स्टेंशन आहे, ते टेबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळीने वाचून मेमरीत ठेवतं. आमचं टेबल १२ जीबीचं, सर्व्हरची मेमरी ३२. ओळीने वाचताना तीच डिस्क सेकंदाला ३०० एमबी द्यायला लागली आणि पाऊण मिनिटात काम झालं. मेमरी हळूहळू आपोआपही भरली असती, पण चाळीस कारखाने एकदम धडका मारत असताना दुपार उलटली असती. सव्वाअकराला अण्णांचा रिपोर्ट तीन सेकंदांत आला. त्यांनी दोनदा काढून पाहिला. इतक्या लवकर आला म्हणजे जुनाच असणार, अशी शंका.

मेमरी सर्व्हर रीस्टार्ट झाला की रिकामी, म्हणून रविवारी रात्री क्लस्टर कमांड चालवली. ती टेबल नव्याने लिहिते. कारखाना आणि कारागीर या क्रमाने नोंदी शेजारी-शेजारी बसतात. तोवर टेबलला कुलूप असतं, म्हणून रविवार. ६० हजार पानांची दोन हजारांच्या आत आली. नव्या नोंदी मात्र मिळेल त्या जागी जातात, त्यामुळे काही महिन्यांनी हे परत करावं लागतं.

सोमवारी भाडेवाल्या कंपनीला एकच प्रश्न मेल केला: एकावेळी एकच, ८ केबीचं विखुरलेलं वाचन, किती मिलिसेकंद? तासाभरात उत्तर आलं. सेकंदाला ५०० एमबी, सोबत ब्रोशर.