एका दमात

आजाराविषयी बोलताना मराठी माणूस क्वचितच कर्ता असतो. मला ताप आला, मला थंडी वाजली, मला धाप लागली, मला करोना झाला; या सर्व वाक्यांत कर्तेपद तापाकडे, थंडीकडे, धापेकडे आहे, आणि ज्याचे शरीर पोळते आहे तो 'ला' हा प्रत्यय धरून बाजूस उभा आहे. हिंदीतही 'मुझे बुखार है' असेच म्हणतात. इंग्रजी बोलणारा मनुष्य आजार 'पकडतो'. जणू तो धावत गेला आणि त्याने हात पुढे केला. आपल्याकडे आजार येतो, होतो किंवा लागतो. देवी तर येत असत, आणि त्या परत जाईपर्यंत घराला पाहुणीची अदब राखावी लागे. 'लागण' हा शब्द कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या तोंडी उसाची असते. २०२० साली वर्तमानपत्रांनी 'करोनाबाधित' हा शब्द रूढ केला. तोवर बाधा होत असे ती प्रामुख्याने भुताची. या शब्दाने नकळत एक जुनी भीती नव्या आजाराला जोडून दिली, आणि ती भीती पुढील दोन वर्षे इमानाने राबली.

हा व्याकरणाचा विचार मला सुचला तो एप्रिल २०२१ मध्ये, दिल्लीच्या पूर्वेकडील पटपडगंजच्या एका गृहसंस्थेत, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात. अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी त्या सत्रासाठी दिल्लीस आले होते. विद्यापीठ बंद होते आणि तौलनिक साहित्याचे वर्ग पडद्यावर चालत होते. १५ एप्रिलला माझा अहवाल आला. १९ तारखेच्या रात्री दहा वाजता दिल्लीत टाळेबंदी लागली, आणि दुसऱ्या दिवशी शहरात एकाच दिवसात २८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले.

व्हर्जिनिया वूल्फ हिने १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. प्रेम, युद्ध, मत्सर यांना साहित्यात जे स्थान आहे ते आजाराला का नाही, असे ती विचारते. आणि अंगावर येणारा शहारा किंवा डोकेदुखी सांगायला इंग्रजीजवळ शब्द नाहीत, अशी तिची तक्रार आहे. हा निबंध मी अनेक वर्षे शिकवीत आले. त्या अंथरुणात मात्र मला वाटले की या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे. मराठीत आधी कसर येते, मग कणकण. हुडहुडी भरते. अंग मोडून येते, मग ते रसरसते, आणि मनुष्य तापाने फणफणतो. डोके भणभणते, ठणकते किंवा नुसतेच जड होते, आणि या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे कोणतीही आई जाणते. ताप उतरताना घाम फुटतो आणि मागे ग्लानी राहते. मला पहिल्या चार दिवसांत जे जे झाले त्या प्रत्येकाला माझ्या आजीजवळ शब्द होता. पाचव्या दिवशी हिंगाच्या डबीतून काही येईना. त्यालाही 'वास गेला' असे सरळ म्हणता आले. जुन्या मराठीत 'वास पाहणे' म्हणजे वाट पाहणे. तेव्हा वास गेलेली मी वास पाहत बसले होते, असा एक पांडित्यपूर्ण विनोद मी सातारला आईला फोनवर ऐकवला. तिला तो मुळीच आवडला नाही. "तू नीट जेव," ती म्हणाली.

पण या आजारात एक गोष्ट अशी होती की तिच्यासाठी कोणत्याच भाषेत शब्द नव्हता, कारण ती रुग्णाला जाणवतच नव्हती. रक्तातील प्राणवायू घसरत जाई आणि मनुष्य हसत बोलत राही. दम्याच्या रोग्याला धाप लागते, तो खिडकीकडे धावतो, त्याचा जीव घाबरा होतो. इथे अनेकांना तसे काही होत नसे. 'मी उत्तम आहे' असे म्हणणाऱ्याच्या बोटावरील यंत्र पंचाऐंशी दाखवी. शासकीय सूचनांनुसार ९४च्या खाली आकडा गेला की चिंता आणि ९०च्या खाली गेला की आजार गंभीर. म्हणजे माझ्या शरीराची साक्ष देण्याचा माझा अधिकारच गेला होता. आत्मचरित्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. प्रथमपुरुषी निवेदक किती विश्वासार्ह, या प्रश्नावर आम्ही कागद काळे करीत आलो. पण 'मला बरे वाटते' हे वाक्य खोटे नसूनही चुकीचे असू शकते, आणि त्या चुकीची किंमत सहा तासांत मोजावी लागते, हे आमच्या कोणत्याही सिद्धान्तात बसत नव्हते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध मराठी गृहस्थ राहत. वय एकोणऐंशी. मूळचे वाईकडचे, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला लागून १९६०च्या दशकात दिल्लीस आले ते तिथलेच झाले. पत्नी काही वर्षांपूर्वी निवर्तली होती, मुलगा परदेशात. मी त्यांना काका म्हणे आणि ते मला, मी शिकविते म्हणून, 'बाई'. माझ्यानंतर पाच दिवसांनी त्यांनाही ताप आला. तेव्हा बाजारात ऑक्सिमीटर मिळत नव्हते. मिळाले तर दाम दुप्पट-तिप्पट. माझ्याकडेही नव्हते. सातारला माझी एक वर्गमैत्रीण डॉक्टर आहे. ती म्हणाली, यंत्र मिळेपर्यंत निदान त्यांना एका श्वासात अंक मोजायला लाव, आणि रोज कुठवर जातात ते लिहून ठेव. ही काही खात्रीची तपासणी नव्हे, पण आकडा एकदम खाली आला तर थांबू नकोस.

मी फोनवर हे सांगताच काका म्हणाले, "एक ते तीस काय मोजायचे? पाढा म्हणतो. तुम्ही बाई, मी विद्यार्थी. घ्या म्हणून."

त्यांनी निवडला एकोणतीसचा. आमच्या पिढीला ज्या पाढ्याने रडविले तो त्यांना वाईच्या शाळेत छडीने शिकविला होता, आणि हिशेब खात्यातील चाळीस वर्षांनी तो घोटून घेतला होता. त्या पाढ्यात 'सोळोदरसे', 'पंचेचाळासे' असे जुने शब्द येतात. ते मी आजोबांनंतर प्रथमच ऐकत होते. पहिल्या दिवशी काका एका दमात दाहेपर्यंत गेले आणि वर म्हणाले, "तिसाचा सोपा, तो सांगू नका." दम म्हणजे श्वास, आणि दम म्हणजे धीरही, हुतुतू खेळणाऱ्या मुलालाही हे व्याकरण न शिकविता कळते. २४ एप्रिलला ते आठ्यापर्यंत गेले. २५ला सातव्यावर थांबले, खोकले, म्हणाले की घसा कोरडा आहे. २६ला सकाळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा प्रसन्न होता. झोप छान लागली, पोहे करून खाल्ले, आज वर्तमानपत्रही वाचले. मग पाढा सुरू झाला आणि "एकोणतीस चोक" इथे तुटला. 'सोळोदरसे' हा शब्द त्यांनी दुसऱ्या श्वासात म्हटला. "मी अगदी ठणठणीत आहे हो," असेही लगेच म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते.

मला खाली उतरण्याची मुभा नव्हती. इमारतीतील दोन तरुणांनी कुठून तरी यंत्र आणले, आकडा ८३. रुग्णवाहिका मिळेना, खाट तर नाहीच. त्याच आठवड्यात गाझियाबादच्या इंदिरापुरम येथील गुरुद्वाराबाहेर प्राणवायूचे लंगर सुरू झाले होते. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाड्यांत, रिक्षांत, पदपथावर लोक नळी लावून बसत आणि खाट मिळेपर्यंत तग धरीत. जेथे अन्न वाटायचे तेथे हवा वाटली जात होती. त्या तरुणांनी काकांना आपल्या गाडीत घातले आणि तेथे नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना एका रुग्णालयात जागा मिळाली.

पुढचे अठरा दिवस मी काय केले याचे वर्णन करण्यात अर्थ नाही; दिल्लीतील लक्षावधी घरांनी तेच केले. एवढेच सांगते की मी त्या काळात साथींविषयीचे साहित्य पुन्हा वाचले आणि एका गोष्टीने थक्क झाले. थ्युसिडिडिसला अथेन्सची साथ स्वतःला झाली होती. तसे तो एका वाक्यात सांगतो, आणि मग रोगाचे पायरीपायरीने वर्णन करतो ते सगळे तृतीयपुरुषात; त्याचा स्वतःचा घसा, स्वतःची तहान कुठेच येत नाही. अहमद अली यांच्या १९४० सालच्या 'ट्वायलाइट इन डेल्ही' या कादंबरीत १९१८चा इन्फ्लुएन्झा याच शहरात येतो, तो थडगी खणणाऱ्यांच्या वाढलेल्या दरांतून. निराला यांची पत्नी आणि घरातील अनेकजण त्याच साथीत गेले. 'कुल्ली भाट'मध्ये ते गंगेचे पात्र प्रेतांनी भरलेले दाखवितात. पुण्याच्या १८९७च्या प्लेगविषयी आपण एवढे वाचतो, पण त्यात घरतपासणी, रँड आणि खटला यांविषयीच अधिक. ज्याच्या काखेत गाठ आली तो काय म्हणाला हे फारसे सापडत नाही. सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन गेल्या. शासनाने त्या वेळी केलेला साथरोगांचा कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, पुन्हा कपाटातून काढण्यात आला. कायदा टिकला, रुग्णाचा शब्द टिकला नाही.

या वेळी ज्यांनी तो शब्द लिहिला असता त्यांतील किती तरी जणांनाच साथीने नेले. वसुंधऱ्यात, आमच्यापासून थोड्याच अंतरावर राहणारे कवी मंगलेश डबराल डिसेंबर २०२० मध्ये गेले. एप्रिल २०२१ च्या एका पंधरवड्यात नरेंद्र कोहली, रमेश उपाध्याय, कुँवर बेचैन, भोपाळला मंजूर एहतेशाम, कोलकात्यास शंख घोष. मे महिन्यात शमीम हनफी. भारतीय भाषांची ही यादी मी वहीत लिहीत होते आणि एका टप्प्यावर लिहिणे थांबविले.

जूनमध्ये सत्र संपताना मी विद्यार्थ्यांना सांगितले की परीक्षेचा निबंध नको. आजारी पडला असाल तर तो अनुभव, नसाल तर घरातील कुणाचा, आपापल्या भाषेत लिहा. हिंदी, मल्याळम, बांगला, पंजाबी आणि मराठी अशा पाच भाषांत अकरा लेख आले. सगळे विलक्षण सारखे होते: वास गेला, आकडा घसरला, फोन आला, फोन आला नाही. एका सहकाऱ्याने यास साचेबंदपणा म्हटले. मला ते पटत नाही. ओवीही साच्यातच असते, आणि जात्यावर बसलेल्या बाईला त्या साच्यातूनच आपले दुःख सांगता येते. मात्र त्या अकरांत एकाही लेखात 'मी आजारी होतो' एवढ्यावर कुणी थांबले नव्हते. प्रत्येकाने सांगितले होते ते दुसऱ्याविषयी: दाराशी डबा ठेवणारी शेजारीण, नाव न सांगता सिलिंडर देणारा मनुष्य, किंवा शेजारच्या खाटेवर रात्री रिकामी झालेली जागा. संस्थेच्या फाटकावर मोलकरणींना थांबविणाऱ्या नोटिशीविषयी एका मुलीने लिहिले होते. अंतर ठेवण्याची आपल्या समाजाला जी तयार सवय होती ती या साथीत किती सहज कामास आली, हे तिने दोन परिच्छेदांत दाखविले. तो लेख मला सर्वांत चांगला वाटला.

काका १४ मे रोजी घरी आले. श्वास हळूहळू परतला, पण पाढे गेले. एकोणतीसचा तर नाहीच, पंधराचासुद्धा मध्येच विस्कटे. शब्द ओठांशी येत आणि मागे फिरत. डॉक्टर म्हणाले, असे होते, काहींचे परत येते. मी पुण्याहून अंकलिपी मागवून त्यांना दिली. ती त्यांनी उशीखाली ठेवली, आणि रोज सकाळी एक पान, असे ठरविले. त्यांनाही मी विचारले की तुम्ही अनुभव लिहाल का? "काय लिहायचे? पडून होतो," ते म्हणाले. महिन्याभराने त्यांनी मला चार कागद दिले. वर 'निवेदन' असे लिहिले होते, पण खाली आखलेले होते ते जमाखर्चाचे रकाने. तारीख, तपशील, रक्कम, कोणाचे देणे.

त्यात रुग्णालयाचे बिल होते, औषधे होती, त्या दोन तरुणांच्या पेट्रोलचा अंदाज होता आणि त्यापुढे 'घेत नाहीत' असा शेरा. २६ एप्रिलच्या ओळीत गुरुद्वारा, इंदिरापुरम, प्राणवायू, रात्रभर, रक्कम विचारली, सांगितली नाही, देणे बाकी. त्याखाली माझे नाव आणि 'सात दिवस पाढे ऐकले'. रकमेच्या जागी एक आडवी रेघ. एका ठिकाणी बेरीज चुकली होती. ती त्यांनी खोडून शेजारी बरोबर लिहिली होती, आणि खाते सोडताना करीत तशी बारीक सही केली होती. शेवटची नोंद २६ मेची: दूध, अर्धा लिटर, पूर्ववत.