बिनसुराची पेटी

चष्म्याला ज्याने कोणी प्रथम ‘चाळिशी’ म्हटले, त्याच्या तोंडात साखर पडो असे मी म्हणणार नाही. पण त्याचा शब्द अचूक होता. चाळीस वर्षे भरली आणि मुलांच्या वह्या माझ्यापासून दूर सरकू लागल्या. आधी वीतभर, मग हातभर. समोरच्या डोंगरावरचे झाड न् झाड स्पष्ट दिसे, आणि स्वतःच्याच कादंबरीची मुद्रिते मात्र धुक्यात! डॉक्टर म्हणाले, “तुमच्या डोळ्यांतले भिंग ताठर होत चालले आहे. जवळचे पाहायचे तर त्याने फुगायला हवे. ते आता फुगत नाही.” माशांची सोय बरी आहे. त्यांच्या डोळ्यातले भिंग फुगत नाही, पुढेमागे सरकते. हे कळल्यापासून बाजारातल्या टोपलीकडे मी थोड्या निराळ्या नजरेने पाहू लागलो.

नेमक्या याच दिवसांत माझ्या हाती एक भाता आला.

भाता म्हटले की आपल्याला लोहार आठवतो, नाहीतर भजनातली बाजाची पेटी. हा भाता त्याच कुळातला, पण कॅमेऱ्याचा. पुण्याच्या जुन्या बाजारात, कुलपे आणि बंद घड्याळे यांच्या ढिगात तो पडला होता. वीतभर लांबीची एक धातूची दांडी, तिच्यावर सरकणाऱ्या दोन चौकटी आणि दोहोंच्या मध्ये काळ्या कातड्याच्या घड्या. विकणाऱ्याने “पेटीचा पार्ट आहे, साहेब” असे सांगून सातशे रुपये घेतले. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी तो एकदा ताणला, एकदा मिटला आणि विचारले, “आणि याच्या आत काय असते?”

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. आत काही नसते. भिंग नाही, यंत्र नाही, तार नाही. नुसता अंधार असतो. भिंग आणि फिल्म यांच्यामधले अंतर वाढवायचे आणि वाढवताना बाहेरचा उजेड आत येऊ द्यायचा नाही, एवढेच याचे काम. अंतर वाढले की लहान वस्तूचे चित्र मोठे होते. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही, पण समरूप त्रिकोण मॅट्रिकच्या आतच येऊन जातात आणि इथे तेवढे भांडवल पुरते. पन्नास मिलिमीटरचे भिंग घेतले आणि भाता दीडशे मिलिमीटर ताणला, तर दीडशेला पन्नासाने भागायचे: वस्तू तिप्पट! दिवाळीतल्या रांगोळीची चिमूट या हिशेबाने पाहिली, तर खडीसाखरेची रास पुढ्यात ओतल्यासारखी दिसते.

अशा भात्याला जोडायला कॅमेरा मात्र माझ्याजवळ अगदी नवा होता. भाच्याने आणखी नवा घेतला, म्हणून त्याने मला दिलेला. आरसा नसलेला, डिजिटल. माझ्या भात्याचा आटा बेचाळीस मिलिमीटरचा. १९४९ साली ड्रेस्डेनच्या कॅमेऱ्यांबरोबर जो आटा बाजारात आला, तोच हा. त्या आट्याच्या कॅमेऱ्यांत भिंगाची बैठक फिल्मपासून सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटरवर असे. माझ्या नव्या कॅमेऱ्यात ती अठरावर आहे. उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर एका पोकळ कडीने भरून काढले की सोयरीक जमली. नव्याच्या पोटात जागा कमी, म्हणूनच त्याला जुने कोणतेही भिंग चालते. कारण बाहेरून अंतर वाढवता येते, आतले कमी करता येत नाही. एक अडचण उरली. जोडलेले भिंग या कॅमेऱ्याला ओळखू येत नाही आणि ‘भिंगच नाही’ म्हणून तो चाप दाबू देत नाही. त्याच्या सूचनांच्या यादीत खोलवर ‘भिंग नसतानाही चाप चालू द्या’ अशी एक ओळ असते. ती शोधण्यात माझा एक रविवार गेला.

पहिल्याच चित्रांवर उजव्या बाजूला पांढरट पट्टा आला. उजेड कुठून तरी पाझरत होता. गावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे अण्णा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भाता गालाशी धरून दाबला, वारा कुठून लागतो ते पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हिला सूर कुठे आहेत?”

“बिनसुराची पेटी आहे ही, अण्णा. हिच्यातून वारा गेला तरी चालेल, उजेड जाता कामा नये.”

“वारा जाईल तिथूनच उजेड जाणार!” असे म्हणून त्यांनी दुकानाचे दार लावून घेतले. अंधारात भात्याच्या आत विजेरी धरली, तेव्हा एका घडीच्या कोपऱ्यावर एकच चांदणी लुकलुकली. “कोपराच जातो आधी. पेटीचासुद्धा,” अण्णा म्हणाले. पातळ कातड्याचा नखाएवढा तुकडा सरसाने बसला आणि चांदणी मावळली. ते ठिगळ अजून टिकून आहे. वारा मात्र अजूनही आत-बाहेर करतो, आणि भाता मिटताना आत आलेली धूळ कॅमेऱ्याच्या नाजूक पडद्यावर जाऊन बसते. श्वास घेणाऱ्या वस्तूला धूळ चुकत नाही.

पुढे भिंग म्हणून मी एका बंद पडलेल्या स्टुडिओतले एन्लार्जरचे भिंग लावले आहे, तेही उलटे. छोट्या निगेटिव्हवरून मोठा कागद छापायचा हा त्याचा जन्माचा धंदा. आता जिथे निगेटिव्ह असे तिथे मुंगी असते आणि कागदाच्या जागी कॅमेरा. त्याला नवे काही शिकावे लागलेले नाही.

परंतु जवळ जाण्याची किंमत मोजावी लागते. तिप्पट चित्राला सोळापट उजेड लागतो. पूर्वीचे लोक हा गुणाकार कागदावर करीत आणि मग आठवडाभर स्टुडिओच्या वाटेकडे डोळे लावून बसत. मला तो तिथल्या तिथे पडद्यावर दिसतो, आणि याबाबतीत जुन्या काळासाठी उसासे टाकण्याची मला गरज वाटत नाही. दुसरी किंमत अधिक कडक. आठच्या छिद्रावर स्पष्ट दिसणारा थर असतो एक पंचमांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन पानांइतका. पंखा बंद करावा लागतो. शेजारी मिक्सर लागला की मुंगी नाचू लागते. अमेरिकेतील व्हरमाँटच्या जेरिको गावचा विल्सन बेंटली हा शेतकरी आठवतो. भात्याच्या कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले, आणि १९३१ साली वारला तोवर पाच हजारांवर घेतली. तो थंडीतच काम करी. उबेत त्याचा विषय वितळून गेला असता! मिक्सरची तक्रार मी कमी करावी, हे बरे.

आता दोन पानांच्या थराचे तीस-चाळीस फोटो काढून संगणकावर एकात एक बसवता येतात, की सबंध मुंगी स्पष्ट. मुंगीला ते ठीक. गोधडीला नको.

गोधडी आईची. माझ्या वडिलांचे धोतर, तिची दोन लुगडी आणि माझा शाळेचा सदरा एवढे तिच्यात आहे. आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्याचा अजून आहे. सुई तिने केव्हाच खाली ठेवली. गेल्या पावसाळ्यात मी त्या गोधडीचे टाके भात्यावर घेतले आणि टीव्हीच्या पडद्यावर लावले. बारा मिलिमीटर कापड सबंध पडदाभर झाले. आई खुर्ची ओढून पुढे बसली. बराच वेळ बोलली नाही.

“हा टाका माझा नव्हे,” ती एकदम म्हणाली.

“अगं, तुझीच गोधडी!”

“गोधडी माझी. टाका वन्संचा. मी दोरा दुहेरी घेते. हा एकेरी आहे बघ. मी तुझ्या वेळी बाळंतीण होते, तेव्हा त्यांनी ओळी घातल्या असणार. मला बोलल्या नाहीत कधी.”

आत्या जाऊन एकोणीस वर्षे झाली. तिचा एक फोटोही आमच्या घरात नाही.

मग त्या दिवशी दुसरे काही झाले नाही. आई “पुढची ओळ लाव” म्हणे, मी दांडीवर कॅमेरा केसभर सरकवी, पंखा बंद, सगळे घामाघूम. सतरा ओळींपैकी पाच आत्याच्या निघाल्या. सहावीवर अजून वाद आहे. आई म्हणते तीही वन्संचीच. मला दोरा दुहेरी दिसतो. भाता थोडा अधिक ताणून पाहायला हवे, पण माझा दीडशेच्या पुढे जात नाही. अण्णांना विचारले आहे. ते म्हणतात, चार घड्या वाढवून देतो, दिवाळी होऊ द्या.