आत्याचं वय

माझ्या आत्याला तिचं वय कधीच सांगता आलं नाही, आणि साठीपर्यंत त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. अडलं ते श्रावणबाळ योजनेच्या अर्जापाशी. पासष्ट पूर्ण झाल्याचा पुरावा हवा होता. शिधापत्रिकेवर एक वय, मतदार यादीत दुसरं आणि आधार कार्डावर १ जानेवारी १९५५. शिबिरात नोंदणी करणाऱ्या मुलाने तिच्या तोंडाकडे बघून ती तारीख टाकली होती. आत्या शाळेत गेलेली नाही, त्यामुळे दाखला नाही. जन्माच्या नोंदवहीत तिचं नाव नाही. तिच्या पिढीतल्या बायकांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवायची असते, हे आमच्या डोंगरातल्या वाडीला ठाऊकच नव्हतं. शाळेत गेलेल्या पुरुषांची अवस्थाही फार वेगळी नाही. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर १ जून आहे, त्यांच्या वर्गातल्या बहुतेकांच्या दाखल्यावरही १ जूनच. मास्तरांनी पोरगं किती उंच आहे ते पाहून साल घातलं आणि शाळा सुरू व्हायच्या महिन्याची पहिली तारीख टाकली. आमच्या पाटण तालुक्यात अशी १ जूनला जन्मलेली माणसं घरोघरी सापडतील.

मी कराडला शिक्षिका. कागदपत्रांचं काही निघालं की भावाचा फोन मला येतो. ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला मिळू शकतो, पण डॉक्टरांना सांगण्यासारखं काहीतरी आपल्यापाशी हवं, म्हणून मी शनिवारी दुपारच्या एसटीने माहेरी गेले. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "मला काय ठावं? नानीला इचार."

नानी आमच्या शेजारची. आमची आणि त्यांची भिंत एक. तिने नव्वदी कधीच ओलांडली असावी, पण तिचंही वय असंच, कुणालाच नक्की माहीत नसलेलं. भावाने तिला हाताला धरून आमच्या सोप्यावर आणलं, आणि तिच्या पाठोपाठ आळीतल्या आणखी चौघीपाचजणी आल्या. मग आळीतले तात्या आले. दिवेलागणीला सोपा भरला. मी वही घेऊन बसले आणि सरळ विचारलं, आत्याचा जन्म कोणत्या सालचा?

साल कुणीच सांगितलं नाही. नानीने सांगायला सुरुवात केली ती भूकंपापासून.

आमच्या भागात कुठलाही हिशेब कोयनेच्या भूकंपापाशी येऊन थांबतो आणि तिथून मागं-पुढं मोजला जातो. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. मार्गशीर्षातली थंडी, चंद्र मावळलेला, माणसं गाढ झोपेत. कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झालं आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या वाडीत कुणी दगावलं नाही, पण दगड-मातीच्या भिंती बसल्या आणि कौलं अंगणात आली. ही हकिगत मी लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. आमच्या घरातली हकिगत अशी होती, की आजोबांनी आठ वर्षांच्या माझ्या वडिलांना उचललं आणि उंबऱ्याबाहेर उडी मारली, मागोमाग आढं खाली आलं. आजीने हे सांगताना कधी एक शब्दही बदलला नाही.

"तवा आक्का हितंच हुती," नानी आत्याकडे बोट करून म्हणाली. "पयलटकरीण. दिवस भरत आल्यालं. सासरचं घर लांब, म्हणून तुझ्या आजीनं आधीच आणली हुती. समद्या वाडीनं खळ्यावर मांडव घातला. पेंढा अंथरला, वाकळी टाकल्या. भुई हलायची थांबंना. घरात जायचं कुणाचं धाडस व्हईना. आन पाचव्या-सहाव्या दिवशी हिच्या कळा सुरू झाल्या."

बाळंतपण नानीनेच केलं. खळ्याच्या एका कोपऱ्याला लुगडी बांधून आडोसा केला, तीन दगडांवर पाणी तापवलं, आणि मधूनच जमीन थरथरली की आत्या ओरडण्याऐवजी गप्प व्हायची, हेही नानीला आठवत होतं. दत्तजयंतीचा दिवस होता. म्हणून मुलाचं नाव दत्तावरून ठेवलं.

आत्या खाली बघत होती. हा तिचा एकुलता मुलगा, याच वाडीत वाढलेला. मोठा होऊन मुंबईला माथाडी कामात गेला आणि तिच्या आधीच संपला. तो गेल्यापासून आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. आत्याला त्रास नको म्हणून आम्ही जपायचो, निदान आम्ही तसं समजायचो. नानीने मात्र तो कसा जन्मला, किती वजनाचा होता, नाळ कशाने कापली, पहिल्या रात्री थंडीने काळानिळा पडायला लागल्यावर त्याला कुणाकुणाच्या कुशीत फिरवला, सगळं आत्याच्या समोर सांगितलं. आणि आत्याने मान वर केली. म्हणाली, "तात्याच्या आईनं घेतला हुता रातभर." एवढं बोलल्यावर तिचा बांध फुटला. रडली थोडी, पण त्याहून जास्त बोलली. त्याला पहिली पंधरा वर्षं जपलेल्या बायका समोर बसल्या होत्या. त्याच्याविषयी आम्हा घरच्यांशी जे बोलता येत नव्हतं, ते तिला त्यांच्याशी बोलता येत होतं.

वहीत मी लिहिलं: १९६७ला पहिलटकरीण. म्हणजे सोळा ते अठरा.

तात्यांनी आणखी मागे नेलं. कोयनेचं धरण भरायला लागलं तेव्हा आजीच्या बहिणीचं गाव पाण्याखाली गेलं. १९६१-६२चा काळ. त्या खोऱ्यातली माणसं कुणी सोलापूरकडे, कुणी सांगलीकडे, कुणी खाली कोकणात, रायगड-ठाण्याला पाठवली गेली. ही मावशी जाण्याआधी निरोप घ्यायला आली होती. घराची दारं, चौकटी, तुळया, जातं, सगळं ट्रकात भरलेलं. "आक्का कडंवर तुझ्या बापाला घेऊन उभी हुती," तात्या म्हणाले, "परकरात. मावशीनं जाताना दोघांच्या हातावर गूळ ठेवला." आत्याला तो गूळ आठवत होता, पण आपण केवढ्या होतो ते आठवत नव्हतं. वडील तेव्हा दोन-तीन वर्षांचे. कडेवर तेवढं पोर पेलवणारी मुलगी दहा-बारा वर्षांची धरायला हरकत नव्हती.

बाकीच्या पुरुषांनी यात फारशी भर घातली नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडचे पुरुष मिसरूड फुटलं की मुंबईला जायचे. गिरणीत, नाहीतर मस्जिद बंदरला पाठीवर ओझी वाहायला. माथाडींची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीसजण आळीपाळीने झोपायचे, मनिऑर्डर पाठवायचे आणि गणपतीला, जत्रेला येऊन जायचे. त्यांच्या आठवणीत सालं असतात, तारखा असतात, पण त्या मुंबईच्या. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, हे माझे वडील झोपेतून उठवलं तरी सांगतील. मी त्या संपातली मुलगी. पण त्या वर्ष-दीड वर्षात आमच्या चुलीवर काय शिजलं, नानीच्या घरून किती पायल्या नाचणी आली, आईचं दूध कमी पडल्यावर मला कुणाच्या म्हशीचं दूध मिळालं, हे विचारायचं तर नानीलाच. आईने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. उपकार घरात बोलले जात नाहीत. ते करणाऱ्याच्या घरात राहतात, आणि करणाराही विचारल्याशिवाय सांगत नाही.

हिशेब असा दोन-तीन वर्षांच्या फरकाने लोंबकळत असताना बापू अंगणात येऊन उभे राहिले.

बापूंच्या घराशी आमचा अबोला माझ्या जन्माआधीपासूनचा. बांधावर एक फणस आहे. तो कुणाच्या हद्दीत यावरून भांडण झालं, मोजणी झाली, पाटणच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडल्या. आमच्या लग्नकार्यात त्यांना अक्षता गेल्या नाहीत, त्यांच्या मयताला आमच्या घरातलं कुणी खांदा द्यायला गेलं नाही. मागच्या वेळी मी आठवडाभराची सुट्टी काढून आले होते तेव्हाही ते वाटेत दिसले, की मी मान खाली घालून पुढे जात होते. त्या संध्याकाळी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पलीकडच्या अंगणात बसून ते सगळं ऐकत असावेत. पायरी न चढता त्यांनी नानीला विचारलं, "नाने, आन् दुधाचं कसं इसरलीस?"

नानीने कपाळावर हात मारला.

बापू जन्मले आणि त्यांची आई तापाने फणफणली. दूध आटलं. तेव्हा आत्या दीड वर्षाची, अजून अंगावर पीत होती. माझ्या आजीने पोरीला बाजूला केलं आणि बापूंना पदराखाली घेतलं. महिनाभर ती सकाळ-संध्याकाळ बांध ओलांडून त्यांच्या घरी जात होती, त्याच फणसाखालून. ते सालही बापूंना पक्कं माहीत होतं. त्यांची आई बाळंतीण म्हणून पहिल्या मतदानाला जाऊ शकली नव्हती. वाडीतल्या बाकीच्या बायका नवी लुगडी नेसून गेल्या होत्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, बैलजोडीची पेटी कशी होती ते त्यांनी येऊन सांगितलं, आणि आपलं मत राहिलं याचं दुःख ती माऊली मरेपर्यंत सांगत राहिली. म्हणजे १९५२ची सुरुवात. त्यातून दीड वर्ष वजा केलं.

"तरव्याची लावणी चालू हुती आक्का झाली तवा," नानी म्हणाली. आता तिला सगळं आठवायला लागलं होतं. "तुझी आजी चिखलातनं घरी आली, आन् कंबरंची माती धुवायच्या आत बाळंत झाली."

जुलै १९५०. मी वहीत लिहिलं.

बापू जायला वळले, मग थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् भूकंपात तुझ्या बापाला थोरल्यानं बाहेर काढलं. माझ्या भावानं. तुझा आजा बैलांची दावी सोडत हुता."

सोपा गप्प झाला. मी वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते. ते नाही म्हणाले नाहीत.

आजी खोटं बोलली असं मला वाटत नाही. नवऱ्याने आधी बैलांकडे धाव घेतली हे तिला मुलासमोर सांगवलं नसेल. बापूही तेव्हा पंधराचेच, कदाचित अंधारात त्यांनी जे पाहिलं त्यात चूकही असेल. पण बैल गेले असते तर पुढचा खरीप गेला असता, आणि आजोबांना त्या क्षणी हे उमगलं असेल, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. मला जास्त लागलं ते वेगळंच. ज्या माणसाने माझ्या वडिलांना ढिगाऱ्यातून ओढून काढलं, त्याच्या मयताला आमच्या घरातून कुणी गेलं नव्हतं. फणसाचा निकाल अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा लागो.

आत्या उठली. आतून चहाचा कप घेऊन आली आणि पायरी उतरून बापूंच्या हातात दिला. "पी," म्हणाली. त्यांनी उभ्याउभ्याच प्यायला.

पुढचं काम लवकर झालं. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी वही वाचली, आत्याला दोन-चार प्रश्न विचारले, तपासलं आणि दाखला दिला. काही महिन्यांनी पैसे सुरू झाले.

पण त्या वहीची बातमी वाडीत दुसऱ्याच दिवशी पसरली होती. रविवारी सकाळी मी परतीच्या एसटीला निघणार, तोच वरच्या आळीतले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. तिचंही वय कुठल्या कागदावर धड नाही, जरा वही काढा म्हणाले. नानीला पुन्हा आणली. तात्या आले. बापूंना बोलवायला आत्याने भावाला पाठवलं. तो जरासा घुटमळला, तसं तिने त्याला रागे भरलं. ते आले, या वेळी पायरी चढून सोप्यावर बसले. मी एसटी सोडून दिली आणि वहीचं नवं पान काढलं. विचारलं, ही सूनबाई होऊन वाडीत आली ते कधी? सगळ्यांच्या आधी आत्याच बोलली. "बहात्तरच्या दुष्काळात. पाझर तलावाच्या कामावर ती माती भरायची आन् मी डोक्यावरनं न्यायची. तवा तिला लुगडं नीट नेसता येत नव्हतं. मीच नेसवायची."