वेगळे खाते

गेल्या वर्षी चातुर्मास सरत आला असताना अण्णांनी बैठकीच्या खोलीत येणे सोडले. भांडण झाले नव्हते, कोणी उणा शब्द बोलले नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली की घरातील सर्वांनी बैठकीत जमायचे, ही आमच्याकडे आजोबांपासूनची रीत. पूर्वी तेथे दिवसाची रोकड जुळवली जाई, मग आई एखादे पद म्हणे आणि दिवस मिटे. आता त्या भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि त्याच्या दिमतीला सात स्पीकर, एक सबवूफर व एक रिसीव्हर असे होम थिएटर आहे. ते मीच आणले. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने संध्याकाळी घरात रमावे, एवढाच हेतू होता. मुलगा रमला, पण ८१ वर्षांचे अण्णा हळूच बाजूला झाले. हे माझ्या ध्यानात यायला दोन महिने लागले, याची मला आजही लाज वाटते.

आमचे गाव औंध. बाहेरच्या माणसाला औंध म्हटले की यमाईचा डोंगर आठवतो आणि श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय आठवते. ते वैभव डोळ्यांचे. कानांची ठेव वेगळी आहे. १९४० साली गायनाचार्य अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ येथे संगीत महोत्सव सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव पंडित गजाननबुवा जोशी यांनी तो सांभाळला. गजाननबुवा गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. आश्विन वद्य पंचमीला दत्त मंदिरात बसून गाणे ऐकणे हा अण्णांचा अनेक वर्षांचा नेम. त्या दिवशी आमच्या कापडाच्या दुकानाची फळी लवकर लागे. अण्णांना रागदारीचे शास्त्र येत नाही. पण गवई सुरात आहे की नाही, हे ते कापडावर हात फिरवून सूत ओळखावे तसे ओळखतात. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून पेंगत असे, आणि ते सांगत, "गाणं समोरून आलं पाहिजे रे. मागून येतो तो गोंगाट."

हे वाक्य मला आठवायला हवे होते. ते आठवले एका कॅसेटमुळे.

१९८६ सालच्या दशलक्षण पर्वात कोणीतरी घरच्या एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर आईची पदे ध्वनिमुद्रित केली होती. आई जाऊन सहा वर्षे झाली. तिचा आवाज जगात तेवढ्या एका कॅसेटमध्ये उरला आहे. साताऱ्याहून जुन्या टेपडेकचा पट्टा बदलून आणला, तो रिसीव्हरला जोडला आणि एका संध्याकाळी मोठ्या उत्साहाने कॅसेट लावली. अण्णा खुर्चीत सावरून बसले. टीव्हीखालच्या लांबट, लहानशा स्पीकरमधून आईचा आवाज आला. बारीक, कोंडलेला, डबीतून यावा तसा. आणि टेपची खरखर मात्र आमच्या पाठीमागून, दोन्ही बाजूंनी. अण्णा दोन मिनिटे थांबले. "ही ती नव्हे," एवढेच म्हणाले आणि उठून गेले.

त्या रात्री मी माहितीपुस्तिका उघडली. दोष यंत्रात नव्हता, समजुतीत होता. सिनेमात पात्राचा संवाद पडद्यावरूनच ऐकू यावा म्हणून मधला स्पीकर असतो. साध्या ध्वनिमुद्रणातून सात स्पीकरांना काम देताना रिसीव्हर सरळ हिशेब करतो: डाव्या आणि उजव्या बाजूंत जे अगदी सारखे असेल ते मध्ये पाठवायचे, जे एकमेकांपासून भिन्न असेल ते कडेला आणि मागे. आईचा आवाज एकाच मायक्रोफोनचा, म्हणून दोन्हीकडे सारखा. तो सगळा त्या लहान डबीत गेला. टेपची खरखर दोन्ही बाजूंना निराळी. ती मागे गेली. यंत्राने आपल्या नियमाप्रमाणे चोख वाटणी केली होती. मात्र वाटणी चोख असली म्हणून न्याय होतोच असे नाही, हे व्यापारी घरांना सांगायला नको.

वास्तविक दोन स्पीकरांची कल्पनाही सिनेमाच्या खुर्चीतच सुचली असे सांगतात. इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन हा अभियंता चित्रपट पाहत होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसऱ्याच ठिकाणाहून, हे त्याला खटकले. १९३१ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तो आज ज्याला आपण स्टीरिओ म्हणतो त्या विद्येचा. समोर दोन स्पीकर ठेवावेत, दोघांपासून सारख्या अंतरावर बसावे. मग आवाज कोणत्याही स्पीकरमधून न येता दोघांच्या मधोमध, रिकाम्या जागेत उभा राहतो. आमच्या समोरचे दोन स्पीकर कमरेएवढे उंच आणि चांगले आहेत. दुसऱ्या दिवशी रिमोटवरचे 'स्टीरिओ' हे बटण दाबले आणि आई त्या दोघांच्या मध्ये गाऊ लागली. एक पैसा खर्च न होता अर्धे काम झाले. ज्यांच्या घरी असे थिएटर आहे त्यांनी काही विकत घेण्याआधी हे बटण जरूर शोधावे.

अर्धे म्हणण्याचे कारण असे. अण्णांना कॅसेट ऐकायची झाली की टीव्ही लावा, पन्नास बटणांचा रिमोट शोधा, योग्य जोडणी निवडा, ते 'स्टीरिओ' दाबा. यातले काहीच त्यांना जमेना. ते नातवाला हाक मारत, "बाळ, जरा आजीचं लावून देतोस?" मुलगा गुणी आहे, पण तरुण आहे. एकदा तो म्हणाला, "आजोबा, दहाच मिनिटं, मॅच संपू दे." अण्णा "बरं" म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी कधी सांगितलेच नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाकडे उधारी मागितली नाही, त्याला स्वतःच्या पत्नीचा आवाज नातवाकडे मागावा लागत होता. ते बैठकीत का येत नव्हते, ते मला तेव्हा कळले.

म्हणून मी ठरवले की संगीतासाठी निराळा, दोनच चॅनलचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा. पुढच्या बाजूला दोन मोठे नॉब: एकाने काय ऐकायचे ते निवडावे, दुसऱ्याने आवाज कमी-जास्त करावा. अण्णांना सांगितले तर त्यांचा चेहरा उतरला. "वेगळं म्हणू नकोस. तो शब्द या घरात एकदा येऊन गेलाय."

काका वेगळे झाले त्याला तीस वर्षे होऊन गेली. भुसार दुकान त्यांच्याकडे, कापड आमच्याकडे. मधली भिंत सामाईक. कोर्टकचेरी झाली नाही, सणासुदीला जाणे-येणे राहिले, पण संध्याकाळच्या बैठकीला काका आले नाहीत ते आलेच नाहीत.

मी म्हणालो, "अण्णा, घर वेगळं करायचं नाही. फक्त खातं वेगळं करायचं."

त्यांनी हिशेब मागितला आणि मी दिला. रिसीव्हरच्या खोक्यावर प्रत्येक चॅनलला ९० वॅट छापले आहेत, पण ते मोजले आहेत दोनच चॅनल चालवून. सातही चॅनल काम करू लागले की पेटीतल्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. एका गल्ल्यावर सात भागीदार. समोरच्या दोन स्पीकरांचा भार निराळ्या अ‍ॅम्प्लिफायरने उचलला तर बाकीच्यांनाही सैल श्वास मिळतो. मात्र आवाज खूप वाढेल, ही आशा धरू नये. वॅट दुप्पट केले तरी वाढ होते फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट मोठा भासायला सुमारे दहापट वॅट लागतात. आमच्या खोलीत अण्णा ऐकतात त्या आवाजाला एक-दोन वॅट पुरतात. म्हणून ६० वॅटचा, वापरलेला पण निर्दोष असा अ‍ॅम्प्लिफायर मी निवडला. अण्णांची एकच अट होती. त्यांनी परिग्रहाचे परिमाण घेतले आहे. घरात एक वस्तू आली की एक बाहेर गेली पाहिजे. पाठीमागचे दोन स्पीकर काढून पाठशाळेला दिले. आजतागायत कोणाला त्यांची उणीव भासलेली नाही.

जोडणीत पहिली चूक माझीच. स्पीकर तेच, मालक दोन, म्हणून मी दोन्ही यंत्रांच्या तारा एकाच स्पीकरच्या टोकांना लावल्या. चालू करताच रिसीव्हर खट्‌कन बंद पडला. एका अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुसऱ्याच्या पोटात शिरते आणि तो जळूही शकतो. आमच्या यंत्राने स्वतःचे संरक्षण केले म्हणून निभावले. योग्य मार्ग असा: रिसीव्हरच्या मागे 'प्री-आउट' असते, तेथून डावा-उजवा संकेत अ‍ॅम्प्लिफायरच्या 'होम थिएटर बायपास' या जागी न्यायचा आणि समोरचे स्पीकर फक्त अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे. सिनेमाच्या वेळी दोन्ही यंत्रे चालू, आवाजाचा अधिकार रिसीव्हरकडे. गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंद. टेपडेक थेट अ‍ॅम्प्लिफायरला. हे घेण्याआधी आपल्या रिसीव्हरला प्री-आउट आहे की नाही ते पाहावे. पुष्कळ स्वस्त यंत्रांना ते नसते. आणि टेपडेक चुकूनही बायपासच्या जागी जोडू नये. तेथे आवाजाचा नॉब चालत नाही. पूर्ण जोरात आवाज होईल.

मग घरघर सुरू झाली, एकसारखी, विजेच्या खांबाखाली ऐकू येते तशी. दोन यंत्रे खोलीतल्या दोन भिंतींवरच्या सॉकेटवर होती. दोन्ही एकाच बोर्डावर घेतली आणि घरघर थांबली. काही जण यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते जिवावरचे काम आहे, कधीही करू नये. शेवटी रिसीव्हरबरोबरचा छोटा मायक्रोफोन खुर्चीवर ठेवून सर्व स्पीकरांचे माप पुन्हा घेतले, कारण नव्या भागीदाराचे वजन निराळे होते.

पहिल्या शनिवारी मुलाने आपण होऊन आजोबांसाठी १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' लावला. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट म्हणजे औंध संस्थानातलीच गोष्ट. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत होती, तिच्यावरून तो सुचला. आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकलेले. ध्वनी जुना, एकाच चॅनलचा, तोही मधल्या डबीतून आला. अण्णा मन लावून पाहत होते. मी भीत भीत विचारले, "आवाज बरोबर आहे ना?" म्हणाले, "हो. बोलणाऱ्याच्या तोंडातून येतोय. सिनेमाला हेच बरोबर." ज्या डबीवर ते रुसले होते तिचेही ठिकाण त्यांनी मान्य केले.

त्यानंतर अण्णा पहाटे सामायिक झाल्यावर बैठकीत येऊ लागले. एक नॉब फिरवायचा, दुसरा फिरवायचा, कॅसेट घालायची. कोणाला हाक नाही, कोणासाठी थांबणे नाही. मी अंथरुणातून ऐकत असे. आई एका भिंतीपलीकडे गात असे.

पंधरा-वीस दिवसांनी ते दुकानात मला म्हणाले, "कॅसेट शेवटपर्यंत कधी ऐकली होतीस का?" मी नाही म्हणालो. नातू पदे संपली की बंद करत असे. अण्णा मात्र ऐकत बसले होते. शेवटचे पद संपते, भांड्यांचा आवाज होतो, कोणी तरी खोकते, आणि एक तरुण, हसरा आवाज म्हणतो, "वहिनी, अजून एक म्हणा की." तो काकांचा आवाज. टेपरेकॉर्डरचे बटण दाबणारे तेच असावेत.

त्या रविवारी अण्णा काठी टेकत सामाईक भिंतीच्या पलीकडे गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी, सूर्यास्ताला अजून अवकाश असताना, काका आमच्याकडे जेवायला आले. जेवणानंतर दोघे समोरासमोर न बसता शेजारी बसले, कारण तो आवाज मधोमध ऐकायचा तर तसेच बसावे लागते. मुलगा मदतीला उठू लागला. अण्णांनी हातानेच त्याला बसवले आणि स्वतः उठून नॉब फिरवला.