स्लेटी ओढ्याकाठून

बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया
शनिवार

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

मेलबर्नहून इथे आलो. १८५१ मध्ये या भागात सोनं लागलं आणि जगभरातून माणसं लोटली. १८५८ ला तर बेकरी हिलवर जवळजवळ ६९ किलोचा एकच गोळा निघाला. पण अण्णा, मला हलवून गेली ती सोनं खणायच्या परवान्याची गोष्ट. सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग भरायचे, सोनं मिळो न मिळो. कागद जवळ नसला की पोलीस धरून नेत. शेवटी माणसं उठली. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने त्यांचा युरेकाचा तळ मोडला; वीसहून अधिक जण मेले. पुढच्याच वर्षी तो परवाना गेला आणि वर्षाला एक पौंडात ‘मायनर्स राइट’ मिळू लागला, सोबत मताचा हक्कही. आज तुमच्या नातवाने त्याच नावाचा कागद दहा वर्षांसाठी काढलाय, निव्वळ हौसेपोटी!

तुमची थोरली


क्रेसविक
सोमवार

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

काल स्लेटी क्रीक या ओढ्यावर दिवस घालवला. वळणाच्या आतल्या बाजूची, मोठ्या धोंड्यामागची खडी उकरायची, चाळायची आणि पसरट ताटात पाण्याखाली हलवायची. आई तांदूळ रोळायची, अगदी तसंच. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, त्यामुळे वाळू वाहून जाते आणि ते तळाला बसतं. शेवटी काळी रेती उरली, तिच्या कडेला पिवळा कण. कोरडं बोट टेकवलं की तो चिकटतो, बाटलीतल्या पाण्यात बुडवलं की सुटतो. नखावर जेमतेम दिसेल एवढा, पण मी कितीतरी वेळ बघत बसले.

इथे फक्त हातची अवजारं चालतात, पंप नाही. आणि उकरलेला खड्डा बुजवूनच उठायचं. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ माती दाबून वर पालापाचोळाही पसरत होते. मला उजनी धरणाच्या फुगवट्यातल्या चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी आठवल्या. महसूलवाले त्या जिलेटिनने उडवतात, पुन्हा नव्या येतात. वाळू घरांना लागते हे खरं, पण नदीचं पोट असं खरवडायचं? याचा मला फार राग येतो. इंदापूरच्या मामांना हे पत्र वाचून दाखवा. त्यांच्या भीमाकाठच्या रानाची कड दरवर्षी ढासळतेय. वाळू उपशाची तक्रार तोंडी नको, लेखी द्या म्हणावं. अर्ज मी लिहून पाठवते.

उद्या बेंडिगोला निघतो. दम्याचं औषध चुकवू नका.

तुमची थोरली