जेद्दा ते दौंड

जेद्दा ते मुंबई हवाई अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला पाच तास लागतात. इकडून जाताना थोडे जास्तच, कारण वरच्या हवेतले पश्चिमेचे वारे समोरून येतात. आमच्याकडच्या कितीतरी घरांना हे तोंडपाठ आहे. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई तिकडे असतोच.

मी शिरूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक, घर दौंडला. रेखांश शिकवताना मी जेद्दाचेच उदाहरण घेतो. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंशांवर, सौदीची 45 वर. फरक 37.5 अंशांचा. अंशाला 4 मिनिटे, म्हणजे 150 मिनिटे, अडीच तास. मुंबईहून 11 वाजता निघालेले विमान साडेपाच तास उडून 2 वाजताच तिथे कसे उतरते, या कोड्यावर मुले खूष असतात. येताना मात्र घड्याळ तेच अडीच तास वसूल करते.

जानेवारी 2019 मध्ये अम्मी गेली. रात्रीचे साडेआठ वाजले होते. जेद्दात भाईजानच्या घड्याळात सहा. तेव्हा कफीलच्या मंजुरीशिवाय देश सोडता येत नसे (2021 मध्ये ही अट सैल झाली). त्यांचा कफील भला माणूस. तासाभरात कागद झाले. रात्री 2 च्या मुंबईच्या विमानात जागा मिळाली.

मी मोटारसायकलवर न्हावरा, चौफुला करत दौंडला पोचलो, तेव्हा घरात एकच चर्चा चालू होती. मय्यत फार वेळ ठेवू नये, जोहरनंतर दफन करावे, असे बुजुर्गांचे मत. खालाचे म्हणणे, थोरल्या लेकाला आईचे तोंड पाहू द्या. कुणीतरी म्हणाले, "पाचच तास तर लागतात. सातला उतरेल, दुपारपर्यंत घरी."

मी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. तिथले 2 म्हणजे आपले साडेचार. मुंबईत साडेनऊ. बाहेर पडायला तास-दीड तास. पुढे दौंडपर्यंत रस्त्याने सव्वादोनशेच्या वर किलोमीटर, म्हणजे पुन्हा पाच तास! साडेतीन हजारांना पाच आणि सव्वादोनशेलाही पाच. (पुरंदरच्या विमानतळाबद्दल आम्ही 2016 पासून ऐकत होतो, तो तेव्हा कागदावरच होता.) अब्बा रेल्वेतून निवृत्त झालेले, गाड्यांचे मेळ बघण्यात आयुष्य गेलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "असरनंतर. त्यापुढं नाही थांबायचं."

विमान वेळेवर उतरले. गाडी घाटात रखडली, हडपसरला पुन्हा अडकली. असरची अजान झाली तेव्हा भाईजान यवतला होते. मी फोन अब्बांच्या हाती दिला. ते नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "सावकाश ये, बेटा," आणि वजूला उठले.

कबर भरत आली तेव्हा भाईजान पोचले. बूट काढून त्यांनी तीन मुठी माती दिली. मनगटावरच्या घड्याळात अजून जेद्दाची वेळ होती. तीन वाजून दहा मिनिटे. तिथे असर व्हायची होती.